टेन्शनची गोळी सोडताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्यांबद्दल लिहिताना ‘ही गोळी एकदम बंद करू नका’ असं म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच : मग बंद करायची कशी? प्रश्न रास्त आहे. गोळी सुरू करायला दोन मिनिटं पुरतात. ती कधी आणि कशी थांबवायची हे मात्र चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं. काही प्रश्न निवडून घेतले आहेत. नावं गाळली आहेत, डोस मात्र पत्रात होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळी गोम तिथेच आहे.

प्रश्न : वय ३४, रोज डोंबिवली ते सीएसएमटी. दोन वर्षांपूर्वी भर गर्दीत कळव्याच्या आसपास श्वास अडकला, छाती धडधडली. ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम रात्री दिली, ती चालूच राहिली. ‘या गोळ्या मेंदू खातात’ असा मेसेज वाचून नऊ दिवसांपूर्वी मी ती बंद केली. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. आता रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, बोटांना मुंग्या येतात, स्टेशनवरची घोषणा कानात घुसते, चालताना जमीन हलल्यासारखी वाटते. आजार परत आला का?

बहुतेक नाही. ही गोळी सुटल्याची लक्षणं दिसतात.

आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं, ते ब्रेकचं काम करतं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या तो ब्रेक जास्त जोरात लागेल अशी व्यवस्था करतात. एटिझोलामची रचना थोडी वेगळी, काम तेच. महिनोन् महिने बाहेरून मदत मिळाली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करून घेतो. मग एक दिवस गोळी थांबते, आणि ब्रेक पूर्ववत व्हायला मेंदूला वेळ लागतो. त्या मधल्या काळात आवाज, उजेड, स्पर्श, धडधड, सगळंच अंगावर येतं.

पहिले तीन दिवस शांत का गेले, याचंही उत्तर यातच आहे. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश जातं, निम्मं जायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणून त्रास उशिरा सुरू होतो आणि माणसाला वाटतं, गोळीचा काय संबंध, ती तर कधीच सोडली. अल्प्राझोलामचं उलट. ते अर्ध्या दिवसात निम्मं होतं, म्हणून त्याचा त्रास एक-दोन दिवसांतच गाठतो.

जुना आजार आणि हा त्रास यांत फरक कसा ओळखायचा? तुमच्या पत्रातच खूण आहे. कळव्याला जे झालं त्यात श्वास होता, धडधड होती. मुंग्या, आवाज सहन न होणं, जमीन हलणं हे तेव्हा नव्हतं. गोळी सोडल्यावर काही दिवसांत सुरू झालेली नवीकोरी लक्षणं दिसली, की मी आधी गोळीकडे बोट दाखवते. जुना आजार उलटायचा असेल तर तो सहसा अधिक सावकाश आणि जुन्याच रूपात येतो. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नका.

आता करायचं काय? ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याकडे आज, फार तर उद्या जा. ते भेटत नसतील तर केईएम, नायर, सायन, जे.जे. या सगळ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, रांग मोठी असते. डॉक्टर बहुधा गोळी पुन्हा सुरू करतील, तुम्हाला स्थिर होऊ देतील आणि मग हळूहळू कमी करतील. नऊ दिवस वाया गेले असं वाटेल, वाटू द्या. आकडी आली, माणूस बरळायला लागला, नसलेलं दिसू-ऐकू लागलं, तर मात्र ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. ही गोळी अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, सप्टेंबर २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांवर अवलंबित्व आणि अशा त्रासाबद्दल ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. आणि हो, हा त्रास आटोक्यात येईपर्यंत गाडीत दारात उभं राहू नका.

मेंदू खाण्याबद्दल : दीर्घकाळ घेतल्यास विसराळूपणा, मंदपणा येतो हे खरं. ‘मेंदू खातात’ ही मेसेज लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती.

प्रश्न : मिस्टरांना तीन वर्षं एकच गोळी आहे, एस्सिटॅलोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकत्र असलेली. आता डॉक्टर म्हणाले, बरं आहे, बंद करायला हरकत नाही. म्हणून ते एक दिवसाआड घेतात. गोळी नसलेल्या दिवशी घरात कुणाशी धड बोलत नाहीत, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं म्हणतात. हे चालेल का?

नाही चालणार. या एकत्र गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात आणि माझा त्यांच्यावर राग आहे, तो लपवत नाही. एस्सिटॅलोप्राम हे नैराश्य आणि चिंतेवरचं औषध, ते असर दाखवायला काही आठवडे घेतं. तोवर माणसाला धीर यावा म्हणून क्लोनाझेपाम सोबत देतात. म्हणजे एक महिनोन् महिने घ्यायचं आणि दुसरं थोड्या आठवड्यांपुरतं. दोन्ही एकाच गोळीत कोंबली की थोड्या दिवसांचा पाहुणा घरजावई होऊन बसतो. आणि निघायची वेळ आली की गोळी अर्धी करा नाहीतर वगळा, दोन्ही औषधं एकदमच खाली येतात. त्रास कशाचा हे मग डॉक्टरलाही सांगता येत नाही.

डोक्यातला करंट हा बहुधा एस्सिटॅलोप्राम खाली आल्याचा. चिडचिड, चक्कर, मळमळ, विचित्र आणि फार खरी वाटणारी स्वप्नं हेही त्याचंच. ऐकायला भयानक वाटतं, पण त्या करंटने मेंदूला इजा होत नाही. एक दिवसाआड घेतल्यावर औषधाची रक्तातली पातळी रोज वर-खाली होते, म्हणजे मिस्टर एका आठवड्यात तीन-चारदा गोळी सोडतायत. त्यापेक्षा रोज घ्यायची, पण थोडी थोडी कमी.

डॉक्टरांना एवढंच सांगा : दोन औषधं वेगळ्या गोळ्यांत लिहून द्या. बहुतेक वेळा आधी क्लोनाझेपाम सावकाश उतरवतात, तोवर एस्सिटॅलोप्राम जागेवर ठेवतात, आणि मग निवांतपणे त्याच्याकडे वळतात. ‘बंद करायला हरकत नाही’ हे वाक्य कागदावर मागून घ्या : कोणती, किती, किती आठवड्यांनी. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर दुसरे बघा.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, गिरगावात एकटी राहते. पंधरा-सोळा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५. मूळ चिठ्ठी कुठे गेली कुणास ठाऊक, खालचा केमिस्ट ओळखीवर देतो. दोनदा बाथरूमला जाताना पडली. मी पाकीट लपवून ठेवायचा किंवा त्यात कॅल्शियमची गोळी भरून ठेवायचा विचार करतोय. ती म्हणते, मी आडकित्त्याने अर्धी करून घेते, तू मध्ये पडू नकोस.

दोन्ही विचार सोडून द्या. इतक्या वर्षांनी या वयात गोळी एका रात्रीत गायब झाली तर फिट, गोंधळ, भ्रम काहीही होऊ शकतं. आणि फसवणूक कळली की पुढे कुठलंच औषध त्या तुमच्या हातून घेणार नाहीत.

पण तुमची काळजी अगदी बरोबर आहे. म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जातो, रात्री उठल्यावर पाय लटपटतात, स्मरण मंदावतं. खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं बदलतं. त्यामुळे सुरुवात आजच करा, गोळीपासून नको, घरापासून. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, पायपुसणं काढून टाका, भिंतीला हाताला धरायला दांडी. मग आईंना घेऊन डॉक्टरांकडे. तिथे आईंनाच बोलू द्या. पंधरा वर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या शरीराची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते.

आडकित्त्याचं मात्र ऐकून हसू आलं आणि काळजीही वाटली. सुपारीचं ठीक, पण गोळीची एक बाजू मोठी, एक छोटी, मधला भुगा पानाच्या डब्यात. म्हणजे एका रात्री पाऊण, दुसऱ्या रात्री पाव. कुणाला वाटतं गोळी कमी केल्याने त्रास झाला, खरं तर गोळी असमान झाल्याने होतो. केमिस्टकडे गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती आणून द्या.

केमिस्टबद्दल : अल्प्राझोलाम औषध नियमांतल्या अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या यादीत येतं. हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिल्याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. ओळख उपकारक वाटते, पण त्या ओळखीमुळेच पंधरा वर्षं आईंना कुणी तपासलं नाही. त्याच्याशी भांडू मात्र नका. डोस उतरवणं चालू असताना त्यानेच अचानक हात वर केले तर पंचाईत.

आईंचा डोस कमी होत होत एका टप्प्यावर थांबला, पूर्ण सुटलाच नाही, तरी चालेल. अर्ध्यावर आला तरी पडण्याचा धोका कमी होतो.

प्रश्न : गणपतीला गावी, मालवणजवळ गेलो आणि गोळ्या (अल्प्राझोलाम ०.२५, दिवसातून दोनदा) मुंबईतच राहिल्या. तिसऱ्या दिवशी घाम, हाताला कंप. केमिस्टने दिली नाही. काकांनी दोन पेग दिले, बरं वाटलं. पुढे असं झालं तर हाच उपाय करू का?

नाही. दारू त्याच ब्रेकवर काम करते म्हणून बरं वाटलं. पण ती उतरली की त्रास दुप्पट, आणि वरून गोळी पडली तर श्वास मंदावतो. केमिस्टने न देणं बरोबरच होतं. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तो दाखवून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घेता येते. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा नंबरही आहे, फुकट आणि मराठीत.

प्रश्न : अश्वगंधा, ब्राह्मी घेऊन गोळी सोडता येते का?

गोळीच्या जागी, नाही. अश्वगंधाला स्वतःची गुंगी आहे, ती गोळीच्या गुंगीत भर घालते, आणि क्वचित तिने यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या.

प्रश्न : दुसरा महिना लागलाय. क्लोनाझेपाम चालू आहे. सासूबाई म्हणतात, आजच्या आज बंद कर.

आजच्या आज बंद करू नका. या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटा. अचानक सोडल्याने येणारी फिट किंवा तीव्र घबराट आई आणि बाळ दोघांनाही गोळीपेक्षा महागात पडू शकते. सासूबाईंना सोबत घेऊन जा, डॉक्टरांनी सांगितलेलं त्या ऐकतील.

प्रश्न : लालबागला राहतो. क्लोनाझेपाम ०.५ वरून सुरुवात केली, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पाच महिन्यांत ०.१२५ वर, म्हणजे पाव मिलिग्रॅमच्या गोळीच्या अर्ध्यावर आलो. आधीचं सहज जमलं. आता हे अर्धं टाकलं की तीन-चार दिवसांत कोसळतो, पुन्हा घेतो. ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की कानात खिळे ठोकल्यासारखं होतं. मी मनाने कमकुवत आहे का?

आकडेमोड करू या. ०.५ वरून ०.३७५ म्हणजे पाव भाग कमी. ०.३७५ वरून ०.२५ म्हणजे तिसरा हिस्सा. ०.२५ वरून ०.१२५ म्हणजे निम्मा. आणि ०.१२५ वरून शून्य म्हणजे शंभर टक्के. तुकडा प्रत्येक वेळी तोच दिसतो, पण मेंदूच्या हिशेबात पायरी उंच होत गेलीय. शेवटची पायरी सगळ्यात उंच. कमकुवतपणाचा प्रश्न येतो कुठे?

अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२५ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचना सुचवतात की दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या ५ ते १० टक्के कमी करून बघावं, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. आपल्याकडे मिळणाऱ्या क्लोनाझेपामच्या गोळीतून ५ टक्के कापणं ब्लेडनेही जमणार नाही. म्हणून काही डॉक्टर डायझेपामवर नेतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात गोळ्या सोडणाऱ्यांसाठी क्लिनिक चालवलं. त्यांच्या तक्त्यात क्लोनाझेपाम ०.५ हे साधारण डायझेपाम १० च्या तोडीचं धरलंय. त्या हिशेबाने तुमचं ०.१२५ म्हणजे अडीच मिलिग्रॅम डायझेपाम. ते २ मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं, त्याचे तुकडे करत बारीक पायऱ्या पाडता येतात, आणि ते शरीरातून फार सावकाश जात असल्यामुळे उतार सौम्य होतो. हा बदल मनाने करू नका. तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि डायझेपाम साचतं, विशेषतः वय झालेल्यांत आणि यकृताचा त्रास असलेल्यांत.

तूर्तास तिथेच थांबा, पण घेणं-टाकणं बंद करा. रोज ०.१२५, ठरल्या वेळी. महिना-दीड महिना तिथे मुक्काम केला तरी बिघडत नाही. या त्रासाची चाल सरळ रेषेत नसते. चार दिवस बरे जातात, मग दोन दिवस वाईट. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा : किती घेतली, झोप कशी झाली, त्रास दहापैकी किती. वाईट दिवशी मन सांगतं की गेले पाच महिने असंच चाललंय. वही उघडली की ते खोटं निघतं.

चहा-कॉफी कमी करा, दुपारनंतर नकोच. मंडळाच्या प्रॅक्टिसच्या वेळी इअरप्लग चालतील, पण दिवसभर घालून बसू नका, कान अजून हळवे होतात. संध्याकाळी शिवडीपर्यंत चालत जा. मूळ घबराटीसाठी सीबीटी नावाची बोलून केली जाणारी उपचारपद्धत असते. ती आत्ताच सुरू करा, गोळी सुटायची वाट बघू नका. झोप लागत नसेल तर पलंगावर तळमळत पडण्यापेक्षा उठून गॅलरीत बसा, पेंग आली की परत या.

आणि पुढची पायरी विसर्जनाच्या आठवड्यात ठेवू नका. लालबागला तर नाहीच. मिरवणुका आटपू देत, नवरात्राचे लाउडस्पीकर लागायच्या आत मधले थोडे शांत दिवस मिळतात, त्यात डॉक्टरांशी बोलून एक बारीक पायरी उतरा.