एचआरव्ही घसरला म्हणजे मन घाबरलंय का?

घड्याळावरचा एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरांतला चढउतार, ५२ वरून ३१ मिलिसेकंदांवर आला, म्हणजे मेंदूला कसला तरी धोका जाणवतोय का, असा प्रश्न आहे. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तो आकडा भीती मोजत नाही, ब्रेक मोजतो.

हृदयाची स्वतःची गती मिनिटाला साधारण १०० असते. विश्रांतीत ती ६०-७० वर येते ती व्हेगस नर्व्हच्या, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या एका नसेच्या, ब्रेकमुळे. श्वास घेताना हा ब्रेक सैल होतो, सोडताना लागतो, म्हणून ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं. समजा, ठोक्यांमधली अंतरं ८२०, ८७०, ८४० मिलिसेकंद आहेत. लागोपाठचे फरक ५० आणि ३०. त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं की ४१. हाच आरएमएसएसडी, अनेक घड्याळं एचआरव्ही म्हणून दाखवतात तो.

धोका जाणवला की हा ब्रेक सुटतो, तोही सेकंदाच्या आत. सिम्पथेटिक नसांचा, म्हणजे हृदयाची गती वाढवणाऱ्या यंत्रणेचा, जोर चढायला काही सेकंद जातात. थेअर आणि लेन या संशोधकांनी २००० साली मांडलेल्या मॉडेलनुसार, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा (मेंदूचा पुढचा, आवर घालणारा भाग) अमिग्डालावरचा (धोका टिपणारा भाग) वचक आणि हा ब्रेक एकाच जाळ्यातले आहेत. पण अभ्यासांत दिसणारा हा संबंध मोठ्या गटांमधला आणि माफक आहे. एका माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावर तो लादू नका. ब्रेक जिना चढतानाही सुटतो, आनंदाच्या भरातही. उलट, धोक्यावर नजर खिळते तेव्हा पहिले काही क्षण ठोके चक्क मंदावतात!

म्हणून मोजणी नीट करा. उठल्यावर, चहा-कॉफीआधी, रोज एकाच स्थितीत बसून किंवा पडून. एक मिनिट स्थिरावा, मग ५ मिनिटं नोंद. छातीचा पट्टा मनगटी सेन्सरपेक्षा भरवशाचा, कारण हात हलला की मनगटावरची नोंद बिघडते. श्वास मुद्दाम संथ करू नका. मिनिटाला ६ श्वास घेतले की मन तसंच असूनही आकडा फुगू शकतो. सगळ्यात फसवा असतो अवेळी पडलेला जादा ठोका. ५ मिनिटांतला असा एकच ठोका ३० चा आरएमएसएसडी ५५ च्या घरात नेऊ शकतो. अ‍ॅपमध्ये असे ठोके गाळण्याची सोय आहे का, ते आधी बघा.

५२ आणि ३१ हे एकाच पद्धतीने मोजलेले असतील, तरच तुलना करा, आणि तीही ७ दिवसांच्या सरासरीशी. अपुरी झोप, ताप, दारू, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही आकडा इतका खाली येतो. शेजारी त्या दिवशीची धास्ती ० ते १० मध्ये लिहा, पण आकडा बघण्याआधी. नाहीतर ३१ दिसल्यानेच धास्ती वाढते.