‘आउटस्टँडिंग’ म्हणजे शाबासकी नव्हे!

प्रश्न: क्रेडिट कार्डाच्या बिलावर टोटल आउटस्टँडिंग 18,400 आणि मिनिमम ड्यू 920 असं आलंय. शाळेत तर आउटस्टँडिंग म्हणजे एकदम भारी असं शिकवलेलं, मग इथे काय? आणि 920 भरले की सुटलो ना?

उत्तर: अहो, कसले सुटताय! वाणी वहीत ‘बाकी’ लिहितो ना, तेच हे आउटस्टँडिंग. ड्यू म्हणजे द्यायची वेळ झालेली रक्कम, तारीख उलटली की तीच ओव्हरड्यू. 920 भरून लेट फी तेवढी वाचते, उरलेल्या 17,480 वर व्याज चालूच, बऱ्याच कार्डांवर महिन्याला 3 टक्क्यांच्या पुढे म्हणजे पाचशेच्या वर गेलेच की, शिवाय नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ‘मिनिमम’ शब्द फार गोड वाटतो, तिथेच माणूस फसतो. जमलं तर पूर्णच भरा.