दात का आवळलेस गं?

प्रश्न : ८ महिने झाले, रोज पहाटे १२ सूर्यनमस्कार, थोडी आसनं आणि आठवड्यातून ३ दिवस वजनं उचलतो. एकही दिवस चुकवलेला नाही. पाठदुखी गेली, झोप सुधारली. पण योगाने स्वतःची ओळख होते असं ऐकत आलो, तसं काहीच घडलं नाही. माझं हे नुसत्या व्यायामापुरतंच राहणार का?
– एक वाचक, वय ४१

उत्तर : पाठ दुखायची थांबली त्याला 'नुसतं' म्हणू नका. दुखऱ्या पाठीला आत्मचिंतन सुचत नाही.

माझंच सांगते. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना टेकवायचं, या एका ध्यासात मी ३ वर्षं घालवली. मध्यंतरी मांडीमागची शीर अशी ताणून घेतली की दीड महिना वाकता येईना. बरी झाले, पुन्हा तेच. शेवटी एकदाचं कपाळ टेकलं, तर योग शिकवणाऱ्या बाईंनी जबड्याखाली दोन बोटं लावून विचारलं, "दात का आवळलेस गं?" मला पत्ताच नव्हता! मग दिवसभर लक्ष ठेवलं. फोनवर बोलताना आवळलेले, जिना चढताना आवळलेले, नवरा बोलत असताना तर हमखास; कारण त्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. स्वतःची ओळख म्हणजे आत प्रकाशबिकाश दिसेल अशी माझी समजूत होती. दिसला तो हा जबडा.

'स्थिरसुखमासनम्' म्हणजे आसन स्थिर हवं आणि सुखाचंही, असं योगसूत्रांत पतंजली सांगतात. पुढच्याच सूत्रात प्रयत्न सैल करायला सांगितलंय. आपण नेमकं तेवढंच गाळतो. तुमच्या पत्रात आकडे आहेत, शवासनाचं नावही नाही. बहुधा उरकत असाल.

शिस्त कशाला, तर रोज तेच केल्यामुळे बदलतं ते मन, हे उघडं पडतं. काल १२ हलके गेले, आज सातव्यालाच दम लागला. झोप, जेवण सगळं रोजच्यासारखं. मग रात्री कुणाशी काय बिनसलं होतं? रोज नवा व्यायाम केलात तर हा फरक हाती लागत नाही.

संख्या वाढवू नका. सहाव्या नमस्कारानंतर ५ श्वास नुसते उभे राहा, भार कोणत्या पायावर जास्त पडतोय ते बघा. वजनं उचलताना शेवटच्या दोन खेपांना हात झुलवून उचलता का? बहुतेकजण उचलतात, मीही. कुणी बघत नसताना ही लबाडी कोणासाठी?

आणि एखादा दिवस मुद्दाम सुट्टी घ्या. पतंजलींनी 'नैरंतर्य' म्हणजे खंड न पाडणं सांगितलंय, मला ठाऊक आहे. पण त्याच सूत्रात 'सत्कार' हाही शब्द आहे, अभ्यास आदराने करा म्हणून. एकही दिवस न चुकवल्याचं तुम्ही आवर्जून लिहिलंत. त्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत काय काय टोचतं, ते मला कळवा.