अडीच एकरांत टर्फ हवं की आहे तसं राहू द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पालिकेचा अडीच एकरांचा भूखंड, एका अंगाला ओढा, काही जुनी झाडं, बाकी नुसतं गवत. तरुण पोरांना फ्लडलाइटवालं टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं मैदान हवंय, सकाळी फिरायला येणाऱ्यांना जागा आहे तशीच हवीय. कोणाचं ऐकावं?

आधी टेप घेऊन मोजा. निम्मा वाद तिथेच मिटतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटला सीमारेषा खेळपट्टीच्या मधोमधपासून किमान ५९ मीटरच्या आसपास लागते. तेवढं वर्तुळ काढलं तर पावणेतीन एकर होतात, म्हणजे तुमच्याकडे ते बसतच नाही. फुटबॉलचं १०५ बाय ६८ मीटरचं पूर्ण मैदान ७,१४० चौरस मीटर होतं आणि तुमची जागा आहे दहा हजारांच्या किंचित वर. बसेल. पण कडेची मोकळी पट्टी, जाळी, कपडे बदलायची खोली, पार्किंग असं सगळं धरलं की तुम्ही ओढ्यात उतरलेले असाल. उलट कबड्डीला १३ बाय १० मीटर पुरतात, खो-खोला २७ बाय १६. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने एका फुटबॉल मैदानात कबड्डीची चोपन्न मैदानं मावतात! महाराष्ट्रात हे कोणाला सांगावं लागू नये, पण वॉर्डाच्या बैठकीत कोणी ‘स्पोर्ट्स’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवं प्लास्टिकच येतं.

मी पुण्यात राहतो आणि अशा बैठकांना जाऊन बसायची मला खोड आहे. माझं मत सरळ सांगतो: खेळायला मातीचं मैदान ठेवा, ओढ्याकाठाला हात लावू नका आणि टर्फला नाही म्हणा. खेळणारे आणि झाडवाले एकमेकांशी भांडत बसतात, तोवर तिसराच येऊन जागा खातो. त्याचं नाव सुशोभीकरण. पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, गझिबो, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि दारात सौजन्याची कमान. एवढं झाल्यावर पोरांना चेंडू मारायला जागा उरत नाही आणि पावसाचं पाणी मुरायला माती उरत नाही.

दादरचं शिवाजी पार्क बघा. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं, १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. साधारण २८ एकर. मधे उघडी माती, त्यावर क्रिकेटच्या खेळपट्ट्या, कडेला मल्लखांब, भोवती कट्टा आणि कट्ट्याला लागून मोठाली झाडं. खेळ उन्हात, माणसं सावलीत. इतकी साधी मांडणी, पण ती इतकी वर्षं टिकली आहे. धुळीची तक्रार तिथले रहिवासी वर्षानुवर्षं करतात आणि ती खरी आहे. तिचा उपाय म्हणजे गवत, रोलर आणि पाणी मारणं. हे रोजचं काम असतं, त्याला उद्घाटन नसतं, म्हणून ते मागे पडतं.

टर्फचं म्हणाल तर एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्यावर तळहात टेकवून बघा, टेकवत नाही. नैसर्गिक गवतापेक्षा ते कितीतरी जास्त तापतं. त्यात बरेचदा जुन्या टायरांच्या रबराचा काळा भुगा भरलेला असतो. आमच्या भागात एका टर्फच्या बाहेर पहिल्या मोठ्या पावसात गटाराच्या जाळीवर तो भुगा चहाच्या चोथ्यासारखा साचलेला दिसतो. तुमच्याकडे तर गटाराऐवजी थेट ओढाच आहे. असा प्लास्टिक-रबराचा भुगा विकायला युरोपीय संघाने २०२३ मध्ये बंदी घातली, ती २०३१ पासून लागू होणार आहे. शिवाय टर्फ आलं की जाळी येते, जाळीला कुलूप येतं आणि मग तासाचे पैसे. ज्या पोरांनी मागणी केली त्यांतली किती पोरं ते भरू शकतील, हे त्यांनाच विचारा.

ओढ्याबद्दल मात्र वाटाघाट नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात काय केलं ते आम्ही पाहिलंय. काठ दाबत गेलं की पाणी घरांतून वाट काढतं. ओढ्याकडची पट्टी गवत-झुडपांसकट तशीच सोडा, तिथे भिंत नको, ट्रॅक नको, दिवे तर नकोतच.

‘तसंच ठेवा’ म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. तसंच ठेवणं म्हणजे जिथे मोकळं दिसेल तिथे रोपं खुपसणं नव्हे. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प हे बाहेरून आलेलं झाड लावून लावून मूळच्या गवताळ माळाची काय अवस्था झाली ते चालायला जाणाऱ्या कोणालाही दिसतं. उघड्या माळालाही त्याचे रहिवासी असतात. टिटवी झाडावर घरटं करत नाही, मुरमाड जमिनीवरच्या उथळ खळग्यात अंडी घालते. ती खड्यांसारखी इतकी बेमालूम दिसतात की पाय पडायच्या बेतात असताना टिटवी ओरडत अंगावर आली तरच कळतं. उन्हाळ्यात तुमच्या जागेत टिटवी ओरडत असेल तर तेवढा कोपरा दोरी बांधून पोरांनाच सांभाळायला द्या. ती मोठ्या माणसांपेक्षा नीट सांभाळतात.

आणि सगळं एकाच भूखंडात कोंबू नका. जवळपासच्या पालिकेच्या शाळेचं मैदान सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी उघडलं तर फुटबॉलचा प्रश्न कदाचित तिथेच सुटेल. टेकडी किंवा नदीकाठ असेल तर तिथे खेळाचं काही आणूच नका, सपाटीकरणाने उतार एकदा कापला की तो परत येत नाही.

आता कागदाचं. विकास आराखड्यात या जागेवर आरक्षण कशाचं आहे ते पालिकेतून लेखी घ्या. क्रीडांगण आणि उद्यान ही वेगळी आरक्षणं आहेत. आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. त्याला महिन्याची मुदत असते आणि ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते, तेव्हा नजर ठेवा. दोन्ही गटांनी एकच नकाशा जोडून एकच अर्ज दिला तर फार बरं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.