दोन्ही चौकोनांत खूण

प्रश्न : मी मराठी, नवरा मेक्सिकन वंशाचा. मुलगी अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांसाठी अर्ज भरते आहे. वंशाच्या रकान्यात तिने काय लिहावं? 'एशियन' म्हटलं तर तोटा होईल, असं सगळे सांगतात. ती नवऱ्याच्या आईला दवाखान्यात नेते, डॉक्टरांचं बोलणं स्पॅनिशमध्ये समजावते. – एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, तिला दोन्हींवर खूण करू द्या. एएमसीएएस, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांसाठीच्या अर्जसेवेच्या सामायिक अर्जात एकाहून जास्त पर्याय निवडता येतात. नफा-तोट्याचा हिशेब मात्र मनातून काढाच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निकालानंतर प्रवेश देताना वंशाला वजन देता येत नाही. पण वंशामुळे आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने स्वतः मांडलं, तर ते विचारात घेता येतं, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालात लिहिलं आहे. अहो, मग आजीच्या दवाखान्याचंच लिहायचं! अर्जातल्या निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा असते, त्यात ते छान मावेल. माझा मुलगाही मिश्र घरातला. त्याने अर्जात एकच खूण केली, तेव्हा त्याची दुसरी आजी काही बोलली नाही, नुसती उठून आत गेली. ते मला अजून बोचतं.