दोन ‘वहनं’ आणि एक निरोप्या

कोथरूडच्या एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. काचबिंदूच्या माहितीपत्रकासाठी त्यांनी वाक्य केलंय: ‘पेशीय संदेशवहनाचा डोळ्याच्या ऊतींमधील आयनवहनावर होणारा परिणाम’. एका वाक्यात दोन ‘वहनं’ त्यांना खटकतात. पहिल्याच्या जागी ‘संकेतन’ चालेल का? आणि ‘आयन’ला मराठी शब्द नाही का?

ताई, खटकलं ते योग्यच, कारण ही दोन वहनं एका जातीची नाहीत.

आयनांचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणू-रेणूंचं, वहन खरंखुरं असतं. आपल्याकडे नदी वाहते आणि हमाल ओझं वाहतो. ‘वाहणे’ची ही दोन्ही अंगं पेशीच्या आवरणात सापडतात. काही मार्गिकांतून, म्हणजे आवरणातल्या बारीक वाटांतून, आयन उतार मिळेल तसे आपोआप जातात. काही ठिकाणी पंप असतो, तो ऊर्जा खर्चून त्यांना चढावर नेतो. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी नुसत्या उतारानं पुण्यातल्या हौदांत येई. आज सोसायटीच्या गच्चीवर पाणी चढवायला मोटर लागते. तसाच हा फरक. सोडियमचा पंप एका फेरीत ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी त्याचा छडा १९५७ साली लावला, नोबेल मिळालं १९९७ साली!

डोळ्यात बुबुळाच्या मागे रोमक पिंड असतो. तिथल्या पेशी आयन पुढे ढकलतात, त्यांच्या मागोमाग पाणी जातं. मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर. रक्तवाहिन्या नसलेल्या भिंगाचं आणि पारपटलाचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं) पोषण हेच पाणी करतं. त्याचा निचरा अडला की डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूत हाच दाब कमी करायचा असतो. (म्हणून याला ‘डोळ्यातलं पाणी’ म्हणू नका, वाचक अश्रू समजेल.)

आता संदेशाकडे या. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक पेशीच्या दारापर्यंत येतं आणि दारातच थांबतं. बाहेरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या रेणूला, ते चिकटलं की आत सायक्लिक एएमपी नावाचा वेगळाच रेणू तयार होऊ लागतो, आणि पुढे पंपांची, मार्गिकांची चाल बदलते. बाहेरची वस्तू आत गेलीच नाही, मग वहन कशाचं? सायक्लिक एएमपी शोधून काढणाऱ्या अर्ल सदरलंड यांना १९७१ साली नोबेल मिळालं. अशा रेणूला पाठ्यपुस्तकी भाषेत ‘द्वितीय दूत’ म्हणतील. मला आपला ‘दुसरा निरोप्या’ जास्त आवडतो. ‘निरोप’ला निरोप-समारंभाचीही छटा आहे खरी, पण ‘निरोप्या’ म्हटलं की सांगावा आणणाराच डोळ्यासमोर येतो.

‘संकेतन’ मात्र घेऊ नका. मराठीत संकेत म्हणजे रूढी, ठरलेली खूण, भेटीचं ठरलेलं ठिकाण. रुग्णाला त्यातून काही उमगणार नाही. शास्त्रीय लेखात ‘पेशीसंदेशन’ लिहा, माहितीपत्रकात सरळ ‘पेशींना मिळणारे निरोप’.

हा फरक माहितीपत्रकात पाळायलाच हवा. काचबिंदूवरच्या दोन औषधांचं बघा. टिमोलॉलचे थेंब ग्राही अडवतात, म्हणजे निरोपच पोचू देत नाहीत. डॉर्झोलामाइड निरोपाच्या वाटेला जात नाही. ते एका विकराला (एन्झाइमला) रोखून बायकार्बोनेटचा पुरवठा कमी करतं, म्हणजे ने-आणीलाच हात घालतं. दोन्हींनी पाणी कमी तयार होतं, पण वाटा वेगळ्या. दोन्हीकडे ‘वहन’ लिहिलंत तर हे कळायचं कसं?

‘आयन’ निःशंक ठेवा. इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली ग्रीकमधून ‘जाणारा’ या अर्थाचा शब्द घेतला, नामकरणात विल्यम ह्युएल यांची मदत झाली. त्या ग्रीक क्रियापदाचं आणि संस्कृत ‘इ’ म्हणजे जाणे या धातूचं मूळ एकच. त्याच धातूपासून ‘अयन’, आणि त्यावरून आपलं उत्तरायण. शब्द उसना आहे, पण मावसघरचा आहे! ‘धनायन’, ‘ऋणायन’ तर इतके सहज जुळतात की संधी ‘अयन’शी केला काय नि ‘आयन’शी केला काय, रूप तेच येतं.

तेव्हा वाक्य असं करून बघा: ‘पेशींना मिळणाऱ्या निरोपांमुळे डोळ्याच्या ऊतींमधली आयनांची ने-आण कशी बदलते’. ‘ऊती’ला हात लावू नका. तो विणण्याच्या धातूतून आला आहे, ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ही तिथलाच, आणि इंग्रजी ‘टिश्यू’चा मूळ अर्थसुद्धा विणलेलं कापड असाच आहे.