शब्दामागचा खर्च

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मकरपुऱ्याच्या कारखान्यातली पाळी संपवून, घरी येऊन, हाताने लिहिलेलं पत्र. म्हणून दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीशी अडले. "बाई, तुम्ही माझी पहिली कथा वाचून 'चांगली आहे' म्हणाला होतात. ते खरंच वाटलं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणालात?"

का विचारलंस तेही कळलं. दिवाळी अंकाकडून कथा 'साभार परत' आली. वर त्या कार्यक्रमात कुणा जाणकारांनी सुनावलं की बडोद्याच्या मराठीत साहित्य होत नसतं, आधी भाषा शुद्ध कर. असा एक तडाखा बसला की मागची सगळी कौतुकं संशयित ठरतात. माझ्या कौतुकाचीही तुला उलटतपासणी घ्यावीशी वाटली, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

तर ऐक. कथा चांगली आहे असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हणाले होते, "आजी चांगली उतरलीय." तू घरी जाईपर्यंत आजीची कथा झाली असणार. सगळेच असं करतात. कौतुकाला वाटेत बाळसं येतं. पण जे म्हटलं होतं ते पुरेपूर खरं होतं आणि आजही आहे. पापडाचा हिशेब गुजरातीत करणारी आणि देवाशी मात्र मराठीत भांडणारी ती म्हातारी मी रोज आमच्या गल्लीत बघते, पण कागदावर तशी कधी पाहिली नव्हती. ओटल्यावर बसून ती गणपतीला "तुला काय, तुला मोदक मिळतातच" म्हणते, तिथे मी हसले आणि मग चष्मा पुसावा लागला. त्या पानाला कुठल्याही संपादकाचा नकार लागू होत नाही. उरलेली कथा, म्हणजे भावाचं लग्न, तो अवेळी आलेला पाऊस आणि शेवटचा योगायोग, हे तू कुठेतरी वाचलेलं आहेस. पाहिलेलं नाहीस. संपादकांनी बहुधा तेच पाहिलं.

कौतुकाचे शब्द ओळखायला शिकावं लागतं. माझी एक साधी कसोटी आहे: शब्दामागे बोलणाऱ्याचं काही खर्च झालंय का, ते बघायचं. वेळ, कष्ट, पैसा, अब्रू, काहीही. व्हॉट्सअॅपवर तुझी कथा गेली की तिसऱ्या मिनिटाला 'अप्रतिम', 'निःशब्द', जोडलेले हात. कथा वाचायलाच पंधरा मिनिटं लागतात. त्या लोकांवर रागावू नकोस, ती त्यांची रामराम घालायची रीत आहे. पण त्यावर लिहिणाऱ्याचं पोट भरत नाही.

बालकवींची गोष्ट तुला शाळेत सांगितली असेल. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढे जन्मभर आणि नंतरही तेच त्याचं नाव झालं. हे कीर्तिकर लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरच्या प्रसिद्ध ग्रंथावर त्यांचं नाव आहे. (इथे रोपटं ओळखण्याचा विनोद करायचा मोह होतो. आवरते.) दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, हेच कीर्तिकर आपल्या बडोद्यात साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले.

शाळेत ही गोष्ट जादूसारखी सांगतात: मोठ्या माणसाने नाव दिलं आणि कवी झाला. मला ती अर्धवट वाटते. व्यासपीठावरून दिलेल्या नावाने मुलाला दोन वेळचं जेवण मिळत नाही. ते दिलं रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी. अहमदनगरच्या त्यांच्या घरात हा मुलगा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं आणि त्याचे रुसवेफुगवे सोसले. घरात एक हळवा, तऱ्हेवाईक, बिनपैशाचा कवी ठेवून घेणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी संसार केलाय त्यालाच कळेल. कीर्तिकरांच्या शब्दाची किंमत कमी करायची नाही मला. भर सभेत एका अनोळखी पोरावर स्वतःचं नाव पणाला लावणं हाही खर्चच. पण माझ्या हिशेबात लक्ष्मीबाईंची बाजू जड आहे. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता.

संपादकांचंही तसंच. 'सत्यकथा' मासिक तू पाहिलं नसणार, ते १९८२ साली बंद पडलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या तिथल्या दोन संपादकांबद्दल त्या पिढीचे लेखक अजून बोलतात. कथा परत यायची, पण सोबत पत्र असायचं. कुठे घसरलंय, कुठलं पात्र नुसतं उभं आहे, कुठे लेखक स्वतःच बोलायला लागलाय. लेखक चिडायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा पाठवायचे. परक्या माणसाच्या कच्च्या कथेवर आपली संध्याकाळ घालवायची, याहून मोठा विश्वास मला माहीत नाही. हेही सांगायला हवं की याच मासिकाची १९६९ मध्ये तरुण लेखकांनी होळी केली. दार कुणी उघडायचं हे एकाच घराने का ठरवावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःची अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, काढली आणि एकमेकांना छापलं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्याबद्दल माझ्या मैत्रिणी मला हसतात.

मला स्वतःला असं पत्र एकदाच आलं, एका छोट्या मासिकाकडून. पोस्टकार्डावर तीन ओळी: दुसऱ्या पानापासून सुरू करा, पहिलं पान तुमच्यासाठी होतं, पुढची पाठवा. मी शाळेत नववीच्या वह्या तपासत होते तेव्हा शिपायाने ते कार्ड आणून दिलं. 'पुढची पाठवा' हे दोन शब्द मला त्या वर्षीच्या पगारवाढीपेक्षा जास्त पुरले. कथा काही छापली नाही त्यांनी. पुढचीही नाही. त्याच्या पुढची छापली.

आता त्या शुद्ध भाषेचं. तुझ्या कथेत खिडकीला 'बारी' आहे, झोपाळ्याला 'हिंचका' आहे. वाडीत, रावपुऱ्यात, आमच्या दांडिया बाजारात आजी तसंच बोलते. तिच्या तोंडी सदाशिव पेठ घातलीस तर ती मरेल. निवेदकाच्या तोंडी मात्र किती ठेवायचं हा खरा प्रश्न आहे आणि तो आपण बसून सोडवू. 'मी बोललो की' हे तुझं दर पानावर येतं, ते गुजरातीमुळे नाही, आळसामुळे आहे. राहिली बाहेरगावच्या मराठीची गोष्ट. भा. रा. तांबे आयुष्यभर देवास, ग्वाल्हेर या बाजूला राहिले. आणि त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला तो वा. गो. मायदेवांमुळे. कवी तिकडे माळव्यात, वाचक इकडे, मधे विखुरलेल्या कविता. एका माणसाने त्या जमवल्या, नीट लावल्या, पुस्तक केलं. मायदेव स्वतः कवी होते. आपल्या कवितांचे कागद बाजूला सारून दुसऱ्याचे जुळवणाऱ्या कवीला मी हात जोडते.

आणि तू राहतोस कुठे? कवळाण्याहून आणलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, या गादीवर दत्तक घेतलं. तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. शिक्षकांनी त्याला अक्षरओळखीपासून शिकवलं. त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. साहित्यमाला काढून लिहिणाऱ्यांना कामाला लावलं. १९३२ साली कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. साहित्य संमेलन या गावात चार वेळा भरलं: १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. त्या जाणकारांना पुढच्या वेळी हे सांगायची गरज नाही. तुला माहीत असलं की झालं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मात्र एक दिवस जा, मराठीच्या कपाटांसमोर उभा राहा.

तू म्हणशील, बाई, मला मायदेव भेटले नाहीत तर? लक्ष्मीबाई भेटल्या नाहीत तर? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले तेव्हा त्यांचं एकही पुस्तक नव्हतं. शिक्षकाची तुटपुंजी नोकरी, बदल्या, आजारपणं, आणि तरी ते लिहीत राहिले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कविता एकत्र छापल्या, पण ते केशवसुतांना कळायचं नव्हतं. काही माणसांना स्वतःचाच शब्द स्वतःला पुरवावा लागतो. ते सगळ्यांना जमतं असं मी म्हणणार नाही. मला जमलं नसतं. मला ते पोस्टकार्ड लागलं.

पण स्वतःवरच्या विश्वासालाही माझी तीच कसोटी लाव. 'माझ्यात काहीतरी आहे' असं रात्री पडल्या पडल्या वाटणं फुकट असतं. पाळीहून आल्यावर, अंग दुखत असताना, आजीचं एक पान पुन्हा लिहिणं याला काहीतरी लागतं. तू पत्रात लिहिलंयस की कथा परत आल्यापासून वही उघडलेली नाही. तेव्हा माझ्या शब्दावर संशय घेण्याआधी तुझ्या बाजूचा खर्च थांबलाय, तेवढं बघ.

कुणाला कथा दाखवलीस तर 'आवडली का' विचारू नकोस. त्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. कुठे कंटाळा आला, ते विचार. माणसं आधी चपापतात, मग खरं बोलतात. आईला दाखवू नकोस असं काही लेखक सांगतात. मला ते पटत नाही. आईला दाखव, पण मतासाठी नाही. आजीचे पापड कुठल्या महिन्यात वाळत घालायचे, हे तिच्याकडून तपासून घे. तुझ्या कथेत ते श्रावणात गच्चीवर वाळतायत.

आणखी एक. पत्रात तू ओझरतं लिहिलंयस की तुझ्याबरोबर लेथवर काम करणारा एक मुलगा गुजरातीत गझला लिहितो आणि तुला ऐकवतो, आणि तू 'सरस छे' म्हणून मोकळा होतोस. पुढच्या वेळी त्याच्याकडून एक गझल कागदावर मागून घे. घरी वाच. जो शेर खरा वाटेल तो नेमका त्याला सांग आणि दुसरी कधी देतोस ते विचार. त्याची गुजराती तुझ्यापेक्षा चांगली असणार, म्हणून तुला अधिकार नाही असं समजू नकोस. कीर्तिकरही पेशाने डॉक्टरच होते.

रविवारी ये. दहाच्या आत नको, तोपर्यंत मी खंडेराव मार्केटात भाजीला गेलेली असते. कथा छापून आण, फोनवर मला वाचता येत नाही, आणि दोन ओळींत जागा सोडून छाप म्हणजे मला लिहायला बरं. लग्न आणि पाऊस काढून टाकलेली आवृत्ती हवी. शेवट सुचला नाही तर शेवटाशिवाय आण. दिवाळी अंकांची मुदत बहुतेक ठिकाणी जुलै-ऑगस्टपर्यंत असते, म्हणजे हातात अजून दोन फेऱ्यांचा वेळ आहे. पहिल्या फेरीत मी रागावेन, ते धरून चाल.

तुझी,
बाई

ता. क. ‘साभार परत’चं पाकीट फेकलं नसशील तर तेही घेऊन ये. आतल्या प्रतीवर संपादक कधी कधी पेन्सिलीने खुणा करतात आणि लेखक रागाच्या भरात त्या बघतच नाहीत.